घोड्यावरून येणाऱ्या सुईणी

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणायच्या, ते काही उगाच नाही. घर डोंगरात, मधे नदी, रस्त्याचा पत्ता नाही, डॉक्टर कोसो दूर आणि घरात अडलेली बाई. हे वाचल्यावर आपल्या डोळ्यांसमोर आपल्याकडचाच एखादा दुर्गम पाडा येईल. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हीच गत होती, हे सांगितलं तर पटेल का? परिचारिका दिनाच्या कार्यक्रमासाठी माहिती जमवताना मला मेरी ब्रेकिनरिज हे नाव सापडलं आणि मी त्या बाईच्या आयुष्यात गुंतूनच गेले.

मेरीचा जन्म 1881 सालचा. घराणं मोठं नामांकित. आजोबा अमेरिकेचे उपाध्यक्ष होऊन गेलेले. वडीलही राजकारणातले, पुढे रशियात अमेरिकेचे राजदूत. त्यामुळे मेरीचं लहानपण रशिया, स्वित्झर्लंड असं फिरण्यात गेलं. शिकवायला घरी बाई यायच्या. पुढे कॉलेजात जायचं मनात होतं, पण मुलीच्या जातीला इतकं शिकून काय करायचंय, हा विचार तिथेही होताच. 1904 मध्ये तिचं लग्न झालं आणि दोनच वर्षांत नवरा वारला. पंचविशीत वैधव्य आलं. घरात बसून राहण्यापेक्षा तिने न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात नर्सिंगचं शिक्षण घेतलं. 1910 मध्ये ती नर्स झाली. इतक्या बड्या घरातल्या मुलीने रुग्णांची सेवा शिकायची, हे त्या काळात सोपं नव्हतं.

1912 मध्ये तिने दुसरं लग्न केलं. 1914 साली मुलगा झाला. लाडाचं नाव ब्रेकी. 1916 मध्ये मुलगी झाली ती दिवस भरायच्या आधीच, आणि काही तासांतच गेली. आणि 1918 च्या जानेवारीत, चौथा वाढदिवस होऊन थोडेच दिवस झाले असताना ब्रेकीही गेला. मैत्रिणींनो, दोन्ही लेकरं गेलेल्या आईचं दुःख मी काय शब्दांत सांगणार! पुढे तो संसारही मोडला. मेरीने माहेरचं नाव पुन्हा लावलं आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्यांची मुलं वाचवण्यासाठी द्यायचं ठरवलं.

पहिल्या महायुद्धानंतर ती फ्रान्समध्ये गेली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गावांत बाळंतिणी आणि कच्चीबच्ची यांचे फार हाल चालले होते. मुलांना दूध मिळावं म्हणून तिने शेळ्या मिळवल्या, नर्सना घरोघर पाठवलं. तिथेच तिला इंग्लंडच्या नर्स भेटल्या. त्या नर्सही होत्या आणि शिकलेल्या सुईणीही. अमेरिकेत त्या वेळी असं दोन्ही शिकलेलं माणूस जवळजवळ नव्हतंच. आपल्या डोंगराळ भागाला हेच हवं, असं तिच्या मनाने घेतलं.

मला तिचं सगळ्यात काय आवडलं असेल, तर तिने एकदम दवाखाना उघडला नाही. आधी लोकांना विचारलं. 1923 च्या उन्हाळ्यात ती केंटकी राज्यातल्या लेस्ली, नॉट आणि ओव्स्ले या तीन कौंटींमध्ये घोड्यावर बसून हिंडली. (कौंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग.) सुमारे साडेसहाशे-सातशे मैलांचा प्रवास! तिने 53 सुईणी गाठल्या. बहुतेक म्हाताऱ्या, अनुभवावर काम करणाऱ्या. त्यांच्या घरी बसून त्या काय करतात, अडलं तर काय करतात, हे सगळं विचारून घेतलं. त्या भागात परवानाधारक डॉक्टर नसल्यातच जमा होते, हेही दिसलं.

मग चाळिशी उलटलेली ही बाई पुन्हा विद्यार्थिनी झाली. लंडनला जाऊन सुईणपणाची परीक्षा पास झाली. त्यानंतर 1924 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांत आणि बेटांवर सरकार आरोग्यसेवा कशी पोचवतं, ते पाहून आली. एक मोठं हॉस्पिटल बांधून लोकांना तिथे बोलावण्यापेक्षा ठिकठिकाणी छोटी केंद्रं काढून नर्सच लोकांकडे पाठवायची, हे सूत्र तिला तिथे मिळालं.

1925 साली तिने केंटकीत समिती स्थापन केली. 1928 पासून तिचं नाव 'फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस' झालं. कामासाठी लेस्ली कौंटी निवडली, कारण तिथे ना रेल्वे होती ना मोटारीचा रस्ता. तिथे काम जमलं तर कुठेही जमेल, हा हिशेब. आईकडून मिळालेला पैसा तिने या कामात घातला. हायडन गावाजवळ वेंडोव्हर इथे लाकडी ओंडक्यांचं घर बांधलं. तेच तिचं घर आणि तेच ऑफिस.

हळूहळू सुमारे 700 चौरस मैलांत केंद्रं उभी राहिली. प्रत्येक केंद्राभोवतीचा पाचेक मैलांचा टापू तिथल्या नर्सकडे. निळसर राखाडी गणवेश, घोडा, आणि खोगिराला दोन बाजूंना लटकवलेल्या सामानाच्या पिशव्या. नवरा नर्सला बोलवायला येऊ शकला तर नर्सनेही त्याच्या घरी पोचलंच पाहिजे, मग पूर असो की बर्फ, असा तिथला दंडक. नर्स गरोदरपणापासून बाईला तपासायची, बाळंतपण घरीच करायची आणि नंतरही येऊन आई-बाळाला बघायची. शिवाय देवी, घटसर्प, विषमज्वर यांच्या लसी, जंतांची औषधं, पाण्याची स्वच्छता हेही तिच्याकडेच. 1928 मध्ये हायडनला छोटं हॉस्पिटल झालं. पुढे विद्यार्थिनींच्या एका संघटनेने सामाजिक कार्यकर्तीचा खर्च उचलला. त्यामुळे निराधार मुलं, अपंग माणसं यांचीही विचारपूस होऊ लागली. म्हणजे आई-बाळापासून सुरू झालेलं काम अख्ख्या कुटुंबापर्यंत गेलं.

आता पैशाचं बघा. कुटुंबामागे वर्षाला एक डॉलर आणि बाळंतपणाचे पाच डॉलर. तेवढेही नसले तर मका द्या, घोड्याला वैरण द्या, कोंबडी द्या, नाहीतर कुंपण बांधून द्या. फुकट मिळालं म्हणून लोकांना कमीपणा वाटू नये, काम आपलं वाटावं, हा त्यामागचा विचार. केंद्रासाठी जागा, लाकूड, श्रम गावकरीच देत आणि प्रत्येक केंद्राला स्थानिक लोकांची समिती असे. बाकीच्या खर्चासाठी मेरी शहरोशहरी जाऊन भाषणं करी, देणग्या गोळा करी. शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुली स्वयंसेविका म्हणून येत, घोड्यांचं खरारा-पाणी करत, निरोप पोचवत. त्यांच्यातल्याच एकीने, मेरीच्या चुलत नात्यातल्या मुलीने, 1931 मध्ये या कामावर चित्रपटही काढला.

तिने हिशेब आणि नोंदी मात्र काटेकोर ठेवल्या. पहिल्या हजार बाळंतपणांच्या नोंदी 1932 साली एका मोठ्या विमा कंपनीच्या तज्ज्ञाने तपासल्या. गरोदरपण वा बाळंतपण या थेट कारणाने त्यात एकही आई दगावली नव्हती! त्या काळी अमेरिकेत दर वर्षी हजारो बाया बाळंतपणात जात होत्या, हे लक्षात घ्या.

संकटं काय कमी आली? 1930 चा दुष्काळ, मग मंदी, पगारात कपात. 1931 मध्ये मेरी घोड्यावरून पडली, पाठीचं हाड मोडलं. कमरेला पट्टा बांधून ती कामाला लागली. 1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि तिच्या इंग्लिश नर्स मायदेशी परतू लागल्या. तेव्हा तिने त्याच वर्षी हायडनमध्ये सुईणपणाची स्वतःची शाळा काढली. तिचं आज विद्यापीठ झालंय.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मेरी देवमाणूस नव्हती. काळ्या वर्णाच्या नर्सना तिने आपल्या संस्थेत जागा दिली नाही. आपल्या वर्गाचे आणि काळाचे पूर्वग्रह तिच्यात होते. डोंगरातल्या गरीब बाईसाठी रात्री-अपरात्री उठणारी हीच बाई इथे कमी पडली. मोठ्या माणसांचं चरित्र वाचताना हेही डोळ्यांआड करू नये, असं मला वाटतं.

1965 च्या मे महिन्यात, 84 व्या वर्षी वेंडोव्हरच्या त्या घरीच तिने डोळे मिटले.

आपल्याकडे 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून आशाताई आल्या. महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आली. गावपातळीवर आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांची समितीही असते. पण बचत गटाच्या बैठकीत मी विचारते, तेव्हा समितीवर कोण आहे हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. मेरीचं काम टिकलं ते गावाने त्याला खांदा दिला म्हणून. आपल्या आशाताईला भर पावसात रात्री बोलावलं, तर तिच्याबरोबर बॅटरी घेऊन कोण जातं? समितीच्या बैठकीला आपल्यातली कोण बसते? गावात आत्ता किती जणी गरोदर आहेत आणि त्यातल्या कुणाच्या घरापर्यंत गाडी जात नाही? पुढच्या बैठकीत एवढी यादी तरी करू या. मेरीनेही सुरुवात विचारपूस करण्यापासूनच केली होती.