यकृतरोगशास्त्राच्या प्रणेत्या डॉ. शीला शेरलॉक

यकृतविकारांच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे स्थान मिळवून देणाऱ्या डॉ. शीला शेरलॉक यांचा जन्म ३१ मार्च १९१८ रोजी डब्लिन येथे झाला. त्या काळी मुलींना वैद्यकीय शिक्षणाची दारे सहजासहजी उघडत नसत. त्यांचे प्रवेशाचे सुरुवातीचे प्रयत्न निष्फळ ठरले. मात्र एडिनबरा विद्यापीठातून १९४१ मध्ये त्या सर्वप्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात त्यांनी सुईद्वारे यकृताचा सूक्ष्म अंश काढून तपासण्याच्या पद्धतीवर संशोधन केले. त्यामुळे शस्त्रक्रियेविना, रुग्ण हयात असतानाच यकृतातील बिघाडाचे स्वरूप समजू लागले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा यकृत व पित्तमार्गाच्या रोगांवरील ग्रंथ प्रमाणभूत मानला गेला.

१९५९ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयात त्या ब्रिटनमधील वैद्यकशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. पित्तनलिकांना हानी पोहोचवणारा एक यकृतविकार रक्तातील प्रतिपिंडांवरून ओळखता येतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसमवेत १९६५ मध्ये दाखवून दिले. त्यांनी उभारलेल्या यकृत विभागाच्या भक्कम पायावर १९८८ मध्ये तेथे यकृत प्रत्यारोपण सुरू झाले.

रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना २००१ मध्ये लाभले आणि त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले.