दादासाहेब फाळके: सिनेमाच्या आधीचा प्रिंट डिझायनर

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला काय आठवतं? राजा हरिश्चंद्र, 1913 साल आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार. शाळेत एवढंच शिकवतात. पण पहिला सिनेमा केला तेव्हा फाळके 43 वर्षांचे होते. मग त्याआधी ते काय करत होते? थोडक्यात सांगायचं तर, आज भोसरी-चाकणकडचे फ्रीलान्स डिझायनर जे करतात, बरंचसं तेच. फोटो काढणं, चित्रं काढणं, ती छपाईसाठी तयार करणं, गिऱ्हाईक सांभाळणं आणि भागीदाराशी भांडणंसुद्धा!

आणि हे काम त्यांनी केलं ते आपल्याच पट्ट्यात. पुण्याहून लोणावळा लोकलमध्ये बसलात की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, कामशेत करत गाडी मळवलीला येते आणि मग लोणावळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच टोकाला देशातल्या रंगीत छपाईचं एक मोठं केंद्र होतं. आज आपण फाळक्यांचं आयुष्य या छपाईच्या बाजूने पाहणार आहोत. सोबत हाफटोन, तीनरंगी छपाई आणि डीपीआय म्हणजे काय, हेही समजून घेऊ.

त्र्यंबकेश्वर ते बडोदा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. घरची अपेक्षा साधी होती, मुलाने शास्त्री व्हावं. पण मुलाचा कल चित्रकलेकडे. 1885 मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी, ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून बडोद्याला कलाभवनात. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यातली ही संस्था फक्त चित्रकला शिकवत नव्हती, तंत्र आणि उद्योगही शिकवत होती. प्रमुख होते प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, मूळचे रसायनशास्त्राचे.

इथे फाळक्यांनी रंगकाम, मॉडेलिंग, फोटोग्राफी आणि डार्करूमचं काम शिकून घेतलं. पुढे रतलामला जाऊन तीनरंगी ब्लॉक बनवण्याचं तंत्रही शिकले. आजच्या भाषेत सांगायचं तर माणूस एकाच वेळी फोटोग्राफर, इलस्ट्रेटर आणि प्रिंट टेक्निशियन झाला होता.

हाफटोन म्हणजे काय रे भाऊ?

इथे जरा थांबूया, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. छपाई यंत्राकडे राखाडी रंग नसतो. शाई एकतर कागदावर लागते किंवा लागत नाही. शून्य किंवा एक. मग फोटोतली सावली, गालावरचा हलका उतार हे कसं छापायचं?

उत्तर आहे ठिपके. कॅमेऱ्यात फोटोच्या प्लेटसमोर बारीक आडव्या-उभ्या रेघांची काच बसवायची. या जाळीतून गेलेल्या प्रकाशाचे ठिपके पडतात. मग ते चित्र धातूच्या पत्र्यावर उतरवून पत्रा ॲसिडमध्ये टाकायचा. नको असलेला भाग खाल्ला जातो, ठिपके उंच राहतात. हाच ब्लॉक. छापताना गडद जागी ठिपके मोठे, फिक्या जागी लहान, आणि लांबून बघताना आपला डोळा त्यांचं मिश्रण करून राखाडी रंग बघतो.

खात्री करायची असेल तर आत्ताच करा. घरातलं वर्तमानपत्र घ्या, मोबाइलचा कॅमेरा मॅक्रो मोडवर टाका आणि छापलेल्या चेहऱ्यावर झूम करा. ठिपके दिसतील.

रंगीत छपाईत हेच काम तीनदा करायचं. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून एकाच चित्राच्या तीन निगेटिव्ह काढायच्या आणि त्यांवरून अनुक्रमे निळसर, गुलाबीसर लाल आणि पिवळ्या शाईचे ब्लॉक करायचे. तिन्ही छाप एकावर एक अगदी तंतोतंत बसले पाहिजेत. केसभर सरकले तरी चित्र दुहेरी दिसतं. शिवाय प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात फिरवावी लागते, नाहीतर कापडावर उमटतात तशा विचित्र लाटा दिसतात. आज यात काळा रंग जोडला की झालं सीएमवायके. म्हणजे प्रिंटरला फाइल पाठवताना तुम्ही जो कलर मोड निवडता, तो या जुन्या तंत्राचाच वारस आहे.

फ्रीलान्सिंगचे दिवस

शिक्षण झालं, पण पोट कसं भरायचं? फाळक्यांनी 1895 च्या सुमारास गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. सुरुवात बरी होती. पण 1900 मध्ये प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल गेलं. ते बडोद्याला परतले. तिथे स्टुडिओ चालेना. फोटो काढला की माणसातली शक्ती निघून जाते आणि आयुष्य कमी होतं, अशी समजूत तेव्हा पसरलेली होती. तंत्रज्ञान तयार, कारागीर तयार, पण गिऱ्हाईक घाबरतंय! नवीन टेक्नॉलॉजी विकणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच.

मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग केले, तेही प्रोफेसर केल्फा या नावाने. फाळके या आडनावाची अक्षरं उलटी केली की केल्फा होतं. ब्रँडिंगची समज तेव्हाही होती म्हणायची. 1902 मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. या सरस्वतीबाई. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्या फार महत्त्वाच्या आहेत. 1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार. तरी काही वर्षांतच त्यांनी ती सोडली. स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते आणि त्यांना स्वतःचा छापखाना काढायचा होता.

लोणावळ्याचा छापखाना

छापखान्यासाठी लोणावळाच का? कारण शेजारी मळवलीला राजा रविवर्म्याचा प्रेस होता. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत घाटकोपरला लिथोग्राफिक प्रेस काढला होता आणि 1899 मध्ये तो मळवलीला हलवला. घराघरात दिसणाऱ्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी इथून निघत. पुढे हा प्रेस फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. देवांच्या चित्रांसोबत कॅलेंडरं आणि मालावर लावायची लेबलंही या प्रेसमधून बाहेर पडायची. लेबल म्हणजे तेव्हाचं पॅकेजिंग डिझाइन. वाचता न येणारं गिऱ्हाईकही चित्र बघून माल ओळखायचं.

फाळक्यांनी लोणावळ्यात 'फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' सुरू केलं आणि सुरुवातीचं मुख्य काम होतं रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथो ट्रान्सफर बनवण्याचं. लिथोग्राफीत दगडावर छपाई होते. तेलकट शाई आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच तत्त्वावर. आधी कारागीर दगडावर हाताने चित्र काढायचा. फोटो-लिथोमध्ये मूळ चित्राचा फोटो काढून तो खास कागदावरून दगडावर उतरवता येतो. वेळ वाचतो, चूक कमी होते. म्हणजे मोठ्या कंपनीच्या शेजारी बसून तिला लागणारा एक नेमका तांत्रिक भाग पुरवायचा. ओळखीचं वाटतंय? चाकणच्या मोठ्या गाडी कारखान्यांभोवती शेकडो लहान वर्कशॉप याच पद्धतीने जगतात. आपल्याकडे त्याला व्हेंडर म्हणतात.

पुढे हाफटोन आणि तीनरंगी ब्लॉकचं कामही येऊ लागलं. व्याप वाढला तसा छापखाना मुंबईत दादरला गेला, नवा भांडवलदार भागीदार आला आणि नाव झालं 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स'. 1909 मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणायला थेट जर्मनीला गेले. परत आल्यावर छापखान्याचं नाव झालं, कामाचा दर्जा वाखाणला गेला.

आणि मग सगळं सुटलं

छापखाना कसा चालवायचा यावरून भागीदारांशी मतभेद झाले. फाळके बाहेर पडले आणि बाहेर पडताना त्यांनी काहीच घेतलं नाही. यंत्रं जर्मनीहून त्यांनी निवडून आणलेली, तंत्र त्यांचं, हात त्यांचा. पण धंद्यात त्याची किंमत शून्य धरली गेली, कारण पैसा दुसऱ्याचा होता.

फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी इथे नीट थांबून विचार करावा. आपल्याकडे कितीतरी मुलं दिवसा नोकरी करून रात्री एखाद्या वर्कशॉपचा लोगो, कॅटलॉग, वेबसाइट करतात. सगळं तोंडी. ओपन फाइल कोणाकडे राहणार? डोमेन कोणाच्या नावावर? अर्ध्यात काम थांबलं तर किती पैसे? हे लिहिलेलं नसतं. तंत्र येणं आणि त्या तंत्रावर आपला हक्क असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निदान एका पानाचा करार किंवा साधा ईमेल तरी करून ठेवा.

छपाईतून सिनेमाकडे

वयाची चाळिशी उलटलेली, हाताला काम नाही, घरात मुलं. अशात 1911 मध्ये त्यांनी मुंबईत एका तंबूतल्या थिएटरात येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात बसलं, आपले देव असे पडद्यावर का येऊ नयेत? मग रोज सिनेमे बघणं, अभ्यास, जागरण. ताण इतका झाला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढलं आणि 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन परतले.

पैसे लावायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी एक डेमो बनवला. कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला आणि रोज थोडं-थोडं चित्रण करत वेल वाढताना दाखवला. 'अंकुराची वाढ'. मोबाइलमध्ये आपण टाइम-लॅप्स म्हणतो ना, तेच. तो पाहून पैसा उभा राहिला.

आता बघा, लेन्स, रसायनं, डार्करूम, निगेटिव्ह आणि तंतोतंत जुळवणी हे सगळं ते छपाईत करून बसले होते. तीन रंगांचे ब्लॉक जसे केसभर सरकून चालत नाहीत, तशीच फिल्मची भोकं चुकली तर पडद्यावर चित्र हलतं. कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. अंधारात बसून ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुणं, रसायनं मिसळणं, शूटिंगच्या वेळी प्रकाशासाठी पांढरी चादर धरून उभं राहणं आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हेही त्याच करत. पहिल्या भारतीय चित्रपटाच्या तंत्रज्ञांची यादी करायची तर त्यांचं नाव फार वर लागेल.

राजा हरिश्चंद्र 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. 1917 मध्ये लंका दहन आला. 1918 मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, पुन्हा भांडवलदार भागीदारांसोबत. पुन्हा मतभेद. फाळके सोडून काशीला गेले, नाटक लिहिलं, काही काळाने परत आले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ मागे पडला. 1937 चा गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 पासून सुरू झाला.

आपल्या कामाचं काय?

फाळक्यांच्या जाळीचं गणित आजही तुमच्या उपयोगाचं आहे. वर्तमानपत्रात साधारण एका इंचात 85 ठिपक्यांची ओळ असते, चांगल्या कागदावरच्या ब्रोशरमध्ये 150. चित्रात त्याच्या दुप्पट पिक्सेल असावेत असा नियम आहे. म्हणून प्रिंटवाला 300 डीपीआय मागतो. साडेतीन बाय दोन इंचाच्या व्हिजिटिंग कार्डासाठी 1050 बाय 600 पिक्सेल लागतात. वेबसाइटवरचा 300 पिक्सेल रुंदीचा लोगो छापायला दिला तर तो नीट छापला जाईल फक्त एक इंच. त्यामुळे:

- लोगो नेहमी व्हेक्टरमध्ये बनवा, म्हणजे कार्डापासून फ्लेक्सपर्यंत कुठेही फाटणार नाही.
- वेबसाठी आरजीबी, छपाईसाठी सीएमवायके. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा किंवा निळा कागदावर मळकटच दिसणार, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.
- छपाईची फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, पिक्सेल कमी होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फाळक्यांना पोटासाठी पाच-सहा धंदे करावे लागले. त्यातला प्रत्येक जण बाहेरून अर्धवट सुटलेला दिसतो. पण 1912 मध्ये कॅमेरा हातात आला तेव्हा त्या प्रत्येकातलं काही ना काही कामाला आलं: पडदे रंगवणं सेटसाठी, जादू ट्रिक शॉटसाठी आणि लोणावळ्याची ती डार्करूम तर सगळ्यासाठीच.