१९५६ च्या एका आठवड्यात चिंतामणराव देशमुखांनी शेठलोकांना वेसण घातली, आणि मुंबईसाठी खुर्ची सोडायचंही ठरवलं

परभणीत कुठल्याही गल्लीत जा, एक एलआयसी एजंट सापडतोच. कुणाचा मामा, कुणाचे निवृत्त गुरुजी, कुणाचा वर्गमित्र. घरातल्या कपाटात पॉलिसीचा कागद आणि स्टेट बँकेचं पासबुक एकाच पिशवीत ठेवलेलं असतं. या दोन्ही गोष्टी आपल्या घरात आल्या त्यामागे एक मराठी माणूस आहे. आणि गंमत म्हणजे हा माणूस समाजवादी वगैरे अजिबात नव्हता.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख म्हणजेच सी. डी. देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. वडील वकील. १९१२ ला मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यांनीच मारली. मग केंब्रिज, तिथे वनस्पतीशास्त्र, आणि १९१८ ला आयसीएसमध्ये पुन्हा पहिला नंबर. पुढची वीस वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात साहेबाची नोकरी. १९४३ ला ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

आता इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रिझर्व्ह बँक तेव्हा खासगी भागधारकांची होती. देशमुख गव्हर्नर असतानाच, १ जानेवारी १९४९ ला ती सरकारची झाली. त्याच वर्षी बँकिंगचा कायदा आला आणि खासगी बँकांच्या वह्या तपासायचा अधिकार रिझर्व्ह बँकेला पक्केपणाने मिळाला.

१९५० ला नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. पुढे ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले.

त्या काळात मोठ्या कंपन्या चालायच्या कशा, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा विषय कळणार नाही. पद्धतीचं नाव होतं मॅनेजिंग एजन्सी. समजा, परभणीत तुमच्या-आमच्या पैशातून एक जिनिंग उभी राहिली. शेअर आपले. पण कारभार बघायला एका पेढीशी करार केला. ती पेढी जिनिंगच्या विक्रीवर कमिशन घेणार, म्हणजे जिनिंग तोट्यात गेली तरी पेढीचं मीटर चालूच. तीच पेढी आणखी पंधरा-वीस कंपन्या चालवणार, एका कंपनीची गंगाजळी दुसरीला उसनी देणार. आणि शेअरवाल्यांनी तिला काढायचं म्हटलं तर करार आडवा येणार. ताग, चहा, कोळसा, कापड असे देशातले मोठे उद्योग अशा मोजक्या पेढ्यांच्या हातात होते.

देशमुखांनी हे कारखाने जप्त केले नाहीत. त्यांनी कुंपण घातलं. सी. एच. भाभा समितीच्या अहवालावरून कंपनी कायदा तयार झाला, तब्बल ६५८ कलमांचा. एजंट पेढीचं कमिशन निव्वळ नफ्याच्या १० टक्क्यांवर जाणार नाही. सगळ्या व्यवस्थापनाचा मिळून मोबदला ११ टक्क्यांच्या आत. १५ ऑगस्ट १९६० नंतर एका पेढीकडे दहापेक्षा जास्त कंपन्या नकोत. एका माणसाने वीसपेक्षा जास्त कंपन्यांत डायरेक्टर व्हायचं नाही. उद्योगपतींना हे जाच वाटलं, डाव्यांना हे फारच मवाळ वाटलं. माझ्या मते कायदा नेमका जागेवर बसला होता याची ही खूण. १९७० मध्ये मॅनेजिंग एजन्सी कायमचीच बंद झाली.

या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली १८ जानेवारी १९५६ ला.

दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला, देशमुख रेडिओवर आले आणि आयुर्विमा सरकार ताब्यात घेत असल्याचं सांगून टाकलं. वटहुकूम निघाला. आधी कुणकुण लागली असती तर कंपन्यांनी पैसा इकडचा तिकडे केला असता, म्हणून सगळं गुपचूप. कारणही ताजं होतं. महिनाभर आधीच फिरोज गांधींनी लोकसभेत दालमियांच्या भारत इन्शुरन्सचा पैसा कसा वळवला गेला ते मांडलं होतं. विमा म्हणजे विधवेचा, लेकरांचा पैसा, आणि तो मालकाच्या सट्ट्यात. देशी, विदेशी विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या धरून २४५ संस्था एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली.

स्टेट बँकेचं काम त्याआधीच झालं होतं. १ जुलै १९५५ ला इम्पिरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचं बंधन तिच्यावर आलं. आपला परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, आजोबांच्या पिढीच्या तोंडी अजून हाली सिक्का होता. आपल्याकडची हैदराबाद स्टेट बँक १९५६ ला रिझर्व्ह बँकेकडे गेली, तीच पुढे सगळ्यांची एसबीएच.

पण त्या जानेवारीत आणखी एक भानगड चालू होती. १६ तारखेला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं. मुंबई पेटली, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. देशमुखांनी जानेवारीतच राजीनामा दिला. समजूत काढल्यावर थांबले, फेब्रुवारीचं बजेट मांडलं, पण जुलैत बाहेर पडलेच. लोकसभेत नेहरूंच्या तोंडावर त्यांनी निर्णयाच्या पद्धतीवर टीका केली.

पुढे एलआयसीचंही नाव खराब झालं. मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या अडचणीतल्या कंपन्यांचे शेअर तिने सव्वा कोटीला घेतले. १९५८ ला छागला आयोगापुढे सगळं उघड झालं आणि नवे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना घरी जावं लागलं. मालकाच्या हातून काढलेला पैसा मंत्रालयातूनही त्याच मालकाकडे पोचू शकतो, हे दोनच वर्षांत दिसलं. १९५९ मध्ये देशमुखांनी भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण मागितलं. नेहरूंनी ते मानलं नाही.

मधल्या काळात यूजीसी, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरूपद, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार हे सगळं झालं. मेघदूताचा मराठी अनुवादही त्यांच्या नावावर आहे.

१९६९ ला ते राष्ट्रपतीपदाला उभे राहिले. पाठिंबा कुणाचा? जनसंघाचा, आणि खासगी उद्योगांची बाजू घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाचा! विमा सरकारजमा करणाऱ्या माणसाला. तेही इंदिरा गांधींनी १४ बँका ताब्यात घेतल्यानंतर महिनाभरातच. ते तिसरे आले, गिरी जिंकले. नंतरची वर्षं पत्नी दुर्गाबाईंसोबत हैदराबादला गेली. तिथेच २ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ८६ व्या वर्षी ते वारले. १९५६ चा कायदा २०१३ ला बदलला, पण वीस कंपन्यांची आणि ११ टक्क्यांची मर्यादा नव्या कायद्यातही आहे.