आरतीत लोपलेले नाव : पंडित श्रद्धाराम फिल्लौरी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्तिकी एकादशीच्या आदल्या रात्री माझ्या कीर्तनास पंजाबातील एक वृद्ध गृहस्थ बसले होते. नामदेवरायांच्या घुमान गावाकडून ते पंढरीस पायरीच्या दर्शनाला आले होते. मराठी त्यांना फारसे उमगत नव्हते. आरत्या झाल्यावर त्यांनी हात जोडून आपल्या प्रांतातील ‘ॐ जय जगदीश हरे’ ही आरती आरंभिली, आणि आमच्याकडील कित्येकांनी त्यांच्या सुरात सूर मिसळला. पुढे प्रसाद घेताना त्यांनी मला सहज विचारले, की ही रचना कोणाची? कोणा प्राचीन संताची असावी, असे मी ठोकून दिले. ते नुसते हसले आणि ही आरती त्यांच्या फिल्लौरच्या पंडितांची आहे, असे त्यांनी मला नम्रपणे सांगितले. आयुष्यभर पोथ्या चाळलेल्या माणसाला त्या रात्री नीट झोप लागली नाही. आजच्या एकादशीस त्या पंडितांचे चरित्र भाविक वाचकांपुढे ठेवताना थोडेसे ऋण फिटावे, इतकाच हेतू आहे.

पंडित श्रद्धाराम यांचा जन्म ३० सप्टेंबर १८३७ रोजी फिल्लौर येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील जयदयालु हे ज्योतिषी होते. फिल्लौर हे सतलज नदीच्या काठचे गाव. पलीकडच्या तीरावर लुधियानाला इंग्रजांची छावणी, अलीकडे महाराजा रणजितसिंहांचे राज्य, आणि मध्ये १८०९ च्या तहाने ठरलेली सीमा. श्रद्धाराम आठ-नऊ वर्षांचे असताना, १८४६ साली, पहिल्या शीख युद्धानंतर हा जालंदर दुआब इंग्रजांनी घेतला, आणि तीन वर्षांनी अवघा पंजाब गेला. ज्या बालकाने आपल्या अंगणात राज्य बदललेले पाहिले, त्याला पुढे महाभारत सांगताना धृतराष्ट्राच्या सभेचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागला नसेल.

संस्कृत, फारसी, ज्योतिष आणि संगीत यांचे अध्ययन त्यांनी लहानपणीच आरंभिले. गुरुमुखी लिपी तर सात दिवसांत आत्मसात केली, असे सांगतात. पुढे ते गावोगाव रामायण-महाभारताच्या कथा सांगू लागले. वाणी रसाळ, विद्वत्ता अस्सल. श्रोत्यांची दाटी होई. आम्हा कीर्तनकारांना पूर्वरंग आणि उत्तररंग यांची चौकट असते. पंजाबातील कथेला तसे बंधन नाही. वक्ता पर्वातून वर्तमानात आणि वर्तमानातून पर्वात मोकळेपणे येतो-जातो. श्रद्धारामांच्या कथेत कौरवांचा अन्याय वर्णिला जाई, तेव्हा श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गोऱ्या साहेबाची कचेरी उभी राही. सत्तावनचा वणवा विझून फार दिवस झाले नव्हते. १८६५ साली सरकारने त्यांना राजद्रोही प्रचाराच्या आरोपावरून फिल्लौरमधून हद्दपार केले. महाराष्ट्रात डॉ. दत्तोपंत पटवर्धनांनी राष्ट्रीय कीर्तनाची परंपरा रुजविली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

यापुढील प्रसंग मोठा विलक्षण आहे. त्यांची ही हद्दपारी उठली ती एका ख्रिस्ती पाद्र्याच्या शब्दाने. लुधियाना मिशनचे पाद्री न्यूटन हे पंजाबी भाषेचे जाणकार होते आणि श्रद्धारामांच्या विद्वत्तेबद्दल त्यांना आदर होता. श्रद्धारामांनी बायबलच्या काही भागांचे गुरुमुखीत भाषांतरही केले. मात्र यावरून त्यांनी स्वधर्म सैल सोडला, असे कोणी समजू नये. कपूरथळ्याचे महाराज रणधीरसिंह ख्रिस्ती मताकडे झुकत असता श्रद्धाराम तेथे तातडीने गेले आणि महाराजांच्या साऱ्या शंकांचे निरसन केले, अशी नोंद रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात केली आहे. पाद्र्याचा स्नेह जपणे आणि पाद्र्याच्या मताचे खंडन करणे, ही दोन्ही कामे एकाच मनाने करता येतात. आजच्या वादपटूंना ते जमत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

हद्दपारीनंतर वर्षभरातच, १८६६ साली, त्यांचा ‘सिक्खां दे राज दी विथिआ’ हा पंजाबी गद्यग्रंथ प्रसिद्ध झाला. शीख गुरूंचा आणि शीख राज्याचा इतिहास, आणि अखेरच्या भागात लोकांच्या चालीरीती, विवाहविधी व लोकगीते, असा त्याचा विस्तार आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना पंजाबीच्या परीक्षेसाठी हेच पुस्तक नेमले गेले. ज्या सरकारने या कथेकऱ्याला गावाबाहेर काढले, त्याच सरकारचे साहेब त्याच्या पुस्तकावरून पंजाबी गिरवू लागले! मेजर हेन्री कोर्ट यांनी १८८८ साली त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ‘पंजाबी बातचीत’ या दुसऱ्या पुस्तकात माझा, माळवा आणि दुआब या प्रांतभागांतील बोली त्यांनी संवादरूपाने टिपल्या आहेत. संस्कृतज्ञ पंडिताने घरच्या बोलीला ग्रंथात मान द्यावा, याचे मोल ज्ञानोबामाउलींच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. आधुनिक पंजाबी गद्याच्या आद्य शिल्पकारांत त्यांची गणना होते ती यामुळेच.

हिंदीतही त्यांनी विपुल लिहिले. १८७७ च्या सुमारास लिहिलेल्या ‘भाग्यवती’ या कादंबरीत काशीच्या एका पंडिताची सुशिक्षित कन्या नायिका आहे. बालविवाहाचा निषेध, स्त्रीशिक्षण आणि विधवांचे दुःख हे तिचे विषय. आपल्याकडे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. पण ते ख्रिस्ती झालेल्या लेखणीतून उतरले होते. येथे तोच प्रश्न महाभारत सांगणारा कथेकरी, व्यासपीठावरून उतरून, मांडतो आहे. सनातनी श्रोत्यांस हे सारे रुचणारे नव्हते. श्रद्धाराम फार स्वतंत्र बुद्धीचे होते. वेदशास्त्रांचा जो अर्थ पटला तो लपविणे त्यांना मान्य नव्हते. स्वामी दयानंदांच्या अनेक मतांना त्यांनी विरोध केला, आणि इकडे कर्मठांपैकी काहींनी त्यांनाच नास्तिक ठरविले, असे शुक्ल लिहितात.

आणि या तथाकथित नास्तिकाने १८७० च्या सुमारास रचलेली आरती आज घरोघरी गाइली जाते! आपल्या बहुतेक आरत्यांत देवाचे रूप, आयुधे आणि वाहन यांचे वर्णन असते. येथे तसे काहीच नाही. आहे ती केवळ शरणागताची विनवणी. म्हणूनच ती विष्णूपुढे चालते, सत्यनारायणापुढे चालते, कुलदैवतापुढेही चालते. १९७० साली मनोजकुमारांच्या ‘पूरब और पश्चिम’ या बोलपटात ती आल्यापासून हिंदी न जाणणाऱ्या घरांतही शिरली. नामदेव-तुकोबांच्या अभंगांत जशी नाममुद्रा असते, तशी पंडितजींनीही अखेरच्या कडव्यात आपली मुद्रा ठेविली आहे. देवाकडे त्यांनी जी श्रद्धा मागितली, त्या शब्दातच त्यांचे नाव आहे. गाणाऱ्यांना मात्र ती केवळ श्रद्धा वाटली. कित्येक ठिकाणी तर शेवटी दुसऱ्याच एका स्वामींचे नाव जोडून म्हणतात.

२४ जून १८८१ रोजी लाहोर येथे, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पंडितजींनी देह ठेविला. ‘भाग्यवती’ छापून निघाली ती १८८८ साली. सुमारे चौदाशे पृष्ठांचे आत्मचरित्र त्यांनी लिहिले होते, पण ते कोठे तरी हरवले, असेही शुक्लांनीच नोंदविले आहे.

त्या घुमानकर गृहस्थांची पुन्हा गाठ पडली नाही. आज रात्री कीर्तनाच्या उत्तररंगास मी हेच आख्यान लावणार आहे, आणि नंतरची आरती पंडितजींची म्हणावयाची आहे.