डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ

मुंबईत मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात ११ मे १८८८ रोजी जोतीराव फुले यांचा सत्कार झाला आणि ‘महात्मा’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. पुढे दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू निकामी केली. ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा हात उचलेनासा झाला.

हा हात केवळ लेखकाचा नव्हता. ११ एप्रिल १८२७ रोजी माळी कुटुंबात जन्मलेल्या जोतीरावांनी तरुणपणी लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्ट्याचे धडे गिरवले होते. पुढे त्यांनी बांधकामाची कंत्राटेही घेतली. १८४८ मधील मुलींची शाळा, १८६३ मधील बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ मधील सत्यशोधक समाज हा इतिहास वाचकांना परिचित आहे; अखेरच्या अडीच वर्षांविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

मेंदूच्या डाव्या अर्धाकडून निघणारे चेतातंतू मज्जारज्जूत शिरण्यापूर्वी बाजू बदलतात, म्हणून डावीकडे रक्तपुरवठा तुटला की उजवे अंग लुळे पडते. बहुतेकांचे भाषाकेंद्रही डावीकडेच असते. अशा झटक्यात पुष्कळांची वाचाच जाते. जोतीरावांची विचारांची आणि शब्दांची जुळणी शाबूत राहिली, याचा पुरावा त्यांच्या पुढील लेखनातच आहे.

डॉ. विश्राम रामजी घोले हे त्यांचे स्नेही आणि सत्यशोधक सहकारी. त्यांनी उपचार केले. पण हाताची शक्ती नेमकी किती गेली, हे मोजण्याचे शास्त्र त्या काळी नव्हते. लुळ्या हातात हालचाल कोणत्या क्रमाने परतते, याचे पद्धतशीर वर्णन ट्विचेल यांनी १९५१ मध्ये केले. आधी स्नायू ताठरतात, मग खांदा, कोपर, मनगट एकत्रच वळू लागतात आणि सुटी, स्वतंत्र हालचाल सर्वांत शेवटी येते. १९७५ मध्ये स्वीडनमधील फुगल-मेयर आणि सहकाऱ्यांनी याच क्रमावर गुणपद्धती बसवली. तीत हातासाठी ६६ गुण असतात. डोळे मिटून बोट नाकाला लावताना हात थरथरतो का, नेम चुकतो का, किती वेळ लागतो, हेही त्यात पाहतात. लेखणी धरणे हे या क्रमातील अगदी वरच्या पायरीचे काम.

जोतीरावांनी वाट पाहिली नाही. चरित्रकार नोंदवतात त्याप्रमाणे त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि १८८९ मध्ये ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. साठी ओलांडलेल्या माणसाने अक्षरे नव्याने वळवणे किती कष्टाचे, हे एकदा उलट्या हाताने पानभर लिहून पाहावे म्हणजे कळते. आजचा भौतिकोपचारतज्ज्ञ कदाचित हरकत घेईल, कारण निरोगी हातावरच भिस्त ठेवली तर बाधित हात आणखी मागे पडतो, असे आता मानतात. पण जोतीरावांपुढे प्रश्न हाताचा नव्हता, ग्रंथाचा होता. धर्मग्रंथ, स्त्री-पुरुष समता, विवाहविधी यांविषयीचे आपले अंतिम म्हणणे त्यांना प्रश्नोत्तरांच्या रूपाने मांडायचे होते.

त्याच १८८८ साली कोकणात त्यांच्या विचारांचा एक माणूस लेखणी चालवीत होता. महाडजवळच्या रावढळचे, सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झालेले गोपाळबाबा वलंगकर यांची अस्पृश्यतेविरुद्धची पुस्तिका तेव्हाची. महाड-पोलादपूरकडून खेड-दापोलीकडे उतरणारा आजचा रस्ता कशेडी घाटातून जातो. आता तेथे बोगदा झाला आहे. तिकडून जाणाऱ्या किती जणांना वलंगकर ठाऊक असतील, कोण जाणे.

जोतीरावांचे अखेरचे दिवस ओढाताणीचे होते. मामा परमानंदांनी १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून मदतीची विनंती केली. आजारातही फेब्रुवारी १८८९ मध्ये दत्तकपुत्र यशवंताचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. देह मिठात पुरावा ही मृत्युपत्रातील इच्छा नगरपालिकेच्या परवानगीअभावी पुरी होऊ शकली नाही. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ यशवंताने १८९१ मध्ये छापून प्रसिद्ध केला.