पंडिता रमाबाईंचा परोपकार

धर्माची थोरवी ठरवावयाची झाली म्हणजे विद्वान लोक ग्रंथ उघडतात. सामान्य मनुष्य मात्र एवढेच पाहतो की, त्या धर्माचे अनुयायी दारी आलेल्या अनाथाशी कसे वागतात. ही सामान्य रीत अगदीच टाकाऊ आहे असे आम्हांस वाटत नाही. बाजारात सावकाराची पत त्याच्या गोड बोलण्यावरून ठरत नसून त्याची हुंडी वेळेवर सकारली जाते की नाही यावरून ठरते; श्रद्धेची पतही तशीच ठरावी हे न्याय्यच होय. विशेष हे की, जिच्याइतके शास्त्राध्ययन त्या काळी क्वचितच कोणा स्त्रीने केले असेल, त्या पंडिता रमाबाईंनीही अखेर हीच कसोटी लावली, आणि पुढे जन्मभर ती स्वतःस लावून घेतली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण. त्यांनी लोकापवाद सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि तिने ती विद्या लेकीस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. पुढे १८७० नंतरच्या दुष्काळात हाती होते ते सरले. आई, वडील व थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने मरण पावली. उरली ती रमाबाई व भाऊ श्रीनिवास. अन्नावाचून मनुष्याचे काय होते हे त्यांनी वाचून जाणले नव्हते, ते त्यांच्या अंगावरून गेले होते. पुढील चरित्राची किल्ली या अनुभवात आहे.

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. परंतु १८८२च्या आरंभी पटकीने पतीचा अंत झाला, आणि तान्ह्या मनोरमेस घेऊन विधवा रमाबाई पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-वैद्य तयार करण्याची मागणी केली.

१८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडात गेल्या. कानाच्या दोषामुळे तो बेत फसला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या होत्या. त्या भगिनींनी त्यांस लंडनजवळ फुलहॅम येथील आपले एक गृह दाखविले. ज्या स्त्रियांस समाजाने पतित म्हणून झिडकारले होते, त्यांस तेथे ठेवून घेत, काम शिकवीत व पुन्हा माणसांत आणीत. त्यांपैकी कित्येकी आता स्वतःच दुसऱ्या दुःखितांची सेवा करीत होत्या. ही माया कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांस विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीची व ख्रिस्ताने तिच्याशी केलेल्या संभाषणाची कथा वाचून दाखविली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. वादात हरून त्यांनी धर्म बदलला नाही; एक कृती पाहून तिचे मूळ त्यांनी शोधिले, एवढेच.

पुढे त्यांनी चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात अध्ययन-अध्यापन केले, आणि १८८६ साली नात्यातल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून व ठिकठिकाणी व्याख्याने देऊन त्यांनी लोकांस जागे केले. १८८७ साली बॉस्टन येथे त्यांच्या नावाची मंडळी स्थापन झाली व तिने दहा वर्षे विधवागृहाचा खर्च चालविण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती आणि धर्मोपदेश करावयाचा नाही असा नियम होता. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारखे गृहस्थ सल्लागार मंडळात होते.

१८९३ साली वादळ उठले. बाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे बसत. सल्लागारांचे म्हणणे असे की, ज्यांच्यावर मुलींचे पोट अवलंबून आहे त्यांची उघडी प्रार्थनाही उपदेशासारखीच होय. बाईंचे म्हणणे असे की, इतरांस जी मोकळीक आहे ती मलाही असावी. सल्लागारांनी राजीनामे दिले, वर्तमानपत्रांनी झोड उठविली व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या आक्षेपात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. आश्रितावर आश्रयदात्याचे वजन पडतेच. म्हणून परोपकार करणाराने आपल्या वजनाचे भान ठेविले पाहिजे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. परंतु ज्या मुली घरी नेल्या त्यांच्या शिक्षणाची सोय घरी कोणी केली काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

या बाई केवळ भावनेवर चालणाऱ्या नव्हत्या. बॉस्टनची मदत कायमची नाही हे जाणून त्यांनी पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर, रेल्वेच्या काठी केडगाव येथे जमीन घेऊन फळबाग लाविली होती. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. ज्या भुकेने त्यांचे आईबाप नेले तिलाच त्या पुन्हा सामोऱ्या गेल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे ही मंडळी केडगावी गेली, आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. विहिरी खणल्या, शेती केली. माग, तेलघाणा, छापखाना चालविला, आणि ही कामे स्त्रियांनीच केली. पतितांसाठी कृपा सदन निघाले व आंधळ्या मुलींस वाचावयास शिकविले गेले. भिक्षेकऱ्यांची वाढ करावी असा तो धर्मादाय नव्हता. घेणारीचा हात उद्या देणारा व्हावा, असा त्याचा हिशेब होता. केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती होती आणि तेथील पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हेही येथे सांगितले पाहिजे.

सरकारचा धर्म तो आपला धर्म, म्हणून त्या सरकारपुढे लवल्या नाहीत. १८९७ साली पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या दुर्दशेविषयी त्यांनी वर्तमानपत्रातून सरकारवर उघड टीका केली, आणि वाँटेजच्या ज्या भगिनींनी त्यांस आश्रय दिला त्यांशीही मतभेद झाला तेव्हा त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकिली नाही. उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले; ते छापण्याचे काम मुक्ती सदनातील स्त्रियांनीच केले. १९२१ साली मनोरमा वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेविला. केडगावची संस्था आजही चालू आहे.

रमाबाईंचा धर्म ज्यांस मान्य नव्हता त्यांनी काय करावयास हवे होते, याचे उत्तर इतिहासातच आहे. शारदा सदनात अगदी आरंभी दाखल झालेल्यांत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. १८९३ साली, म्हणजे वादळाच्या त्याच वर्षी, तिच्याशी प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी हिंदू समाजाचीच संस्था काढली. ती पुढे हिंगण्यास वाढली, आणि १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ स्थापिले. एका घराबद्दलच्या आक्षेपाचे खरे उत्तर दुसरे घर उघडणे हेच असते.

आमच्या व्यापारी व सुशिक्षित वाचकांपुढे यापेक्षा निराळे काही मांडावयाचे नाही. परका धर्म आमच्या अनाथांस नेतो, अशी ओरड करणे सोपे आहे. ती करण्यापूर्वी आपल्या गावात निराधार विधवेस, टाकलेल्या मुलीस किंवा आंधळ्या लेकरास बसावयास ओसरी कोणाची आहे, हे प्रत्येकाने मोजून पाहावे. ज्या वर्षी ती ओसरी आपल्या खर्चाने उघडेल त्या वर्षी ओरड करण्याचा अधिकारही येईल. आणि बहुधा, त्या वर्षी ओरड करण्यास आपणांस सवडच उरणार नाही.