एक्सप्लेनर : नरसीचं गाणं पंजाबात कसं पोहोचलं? संत नामदेवांची गोष्ट

पुसेगाव म्हटलं की राज्यात बहुतेकांना सातारा जिल्ह्यातलं सेवागिरी महाराजांचं पुसेगाव आठवतं. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातही एक पुसेगाव आहे. पण या भागाबाहेर त्याची ओळख सांगायची झाली, तर बहुतेक वेळा आधी कयाधू नदीच्या काठावरच्या नरसीचं नाव घ्यावं लागतं. नरसी नामदेव. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून परंपरा ज्याच्याकडे बोट दाखवते ते हे गाव.

तिथून पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तरी अंतर 1300 किलोमीटरच्या पुढे जातं. या दोन टोकांच्या गावांना जोडणारा माणूस राजा नव्हता, सरदार नव्हता आणि मोठा व्यापारीही नव्हता. शिंप्याच्या घरात जन्मलेला तो एक गाणारा होता. सुमारे 700 वर्षांपूर्वी, छापखाना आणि रेकॉर्डिंग तर सोडाच, कागदही दुर्मीळ असताना त्याची गाणी इतकी लांब कशी गेली आणि टिकली कशी?

नामदेव नेमके कुठले?

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म शके 1192 मध्ये, म्हणजे इसवी सन 1270 मध्ये, कार्तिक शुद्ध एकादशीला झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई, आडनाव रेळेकर. जन्मगावावर मात्र एकमत नाही. नरसीबरोबर पंढरपूरचं नाव घेतलं जातं आणि कराडजवळच्या नरसिंगपूरचा दावाही जुना आहे. हिंगोलीकरांना हा वाद फारसा रुचत नाही, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. कारण नामदेवांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग परंपरेनं याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला ठेवला आहे.

बालपण पंढरपुरात गेलं. लहान नामदेवानं नैवेद्य नेला आणि विठ्ठलानं तो खाल्ला, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. पुढे राजाईशी लग्न झालं. नारा, विठा, गोंदा, महादा ही चार मुलं आणि लिंबाई ही मुलगी. याच घरात गंगाखेडहून आलेली जनाबाई दळण-कांडण करत वाढली आणि स्वतः मोठी कवयित्री झाली. धंद्यात नामदेवांचं लक्ष नव्हतं. आई आणि बायको दोघींची त्यावरून तक्रार असे, आणि त्या तक्रारीचेही अभंग झाले!

कच्चं मडकं

गोष्ट अशी सांगतात. तेरला गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं थापटणं पाहून गोरोबांना विचारलं की यातली मडकी पक्की किती आणि कच्ची किती, ते सांगा. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. बाकी सगळे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. निकाल लागला : हे मडकं कच्चं.

तेव्हा नामदेव काही अनोळखी नव्हते. पंढरपुरात त्यांचं नाव झालेलं होतं, साक्षात देव त्यांच्याशी बोलतो अशी ख्याती होती. अशा माणसाला चारचौघांत नापास केलं गेलं. त्यांना गुरू नाही, हे त्यामागचं कारण. ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, तर विसोबा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी हरकत घेतली. विसोबांनी सांगितलं, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवत तिथे पिंड दिसू लागली.

चमत्कार बाजूला ठेवला तरी या गोष्टीत एक बदल स्पष्ट दिसतो. एका गावात, एका मूर्तीजवळ गाणारा माणूस तिथून पुढे कुठेही गायला मोकळा झाला.

अभंग इतका सहज पाठ का होतो?

इथे थोडं गणित आहे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरं, शेवटच्या चरणात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. संस्कृत वृत्तांसारखा लघु-गुरूचा काटेकोर हिशेब यात नाही. एखादं अक्षर कमी-जास्त झालं तर गाणारा ते ओढून किंवा आखडून घेतो. शेवटचा आखूड चरण श्वास घ्यायला जागा देतो आणि तेवढ्यात मागचे टाळकरी धृपद उचलतात. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांनाही दोन-तीनदा ऐकून असं गाणं येतं.

शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं. नामदेवांच्या अभंगात ‘नामा’ येतं. आजच्या भाषेत वॉटरमार्क म्हणा. गाणं कितीही तोंडांतून फिरलं तरी नाव सोबत राहतं.

आणि मग कीर्तन. वारकरी कीर्तनाची सुरुवात नामदेवांपासून मानली जाते. चंद्रभागेच्या वाळवंटात एक जण उभा राहून गातो, नाचतो, अर्थ सांगतो. मागे टाळकरी, बाजूला मृदंग, सोबत वीणा. ऐकणारा नुसता ऐकत नाही, तो साथ करतो. म्हणजे कीर्तन संपवून घरी निघालेल्या प्रत्येकाच्या तोंडात गाण्याची एक प्रत असते. नामदेवांनी ग्रंथ लिहायला घेतला नाही, ते गात राहिले. त्यांचा हा मार्ग किती टिकाऊ होता हे पुढच्या शतकांनी दाखवलं.

कानानं शिकलेलं संगीत लांबच्या मुलखात टिकल्याची उदाहरणं जगात इतरत्रही आहेत. अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगरांत स्थलांतरितांनी ब्रिटनमधून नेलेली गाणी आणि फिडलच्या चाली पिढ्यान्‌पिढ्या ऐकून-वाजवूनच पुढे गेल्या. 1916 ते 1918 या काळात इंग्लंडचे सेसिल शार्प सहकारी मॉड कार्पेलिस यांच्यासह तिथे फिरले, तेव्हा मायदेशात विरत चाललेली गाणी त्यांना त्या डोंगरी घरांत ऐकायला मिळाली. नामदेवांच्या बाबतीत हेच घडलं, पण कितीतरी आधी.

पंढरपूर सोडून उत्तरेकडे

ज्ञानेश्वर आणि नामदेव यांनी एकत्र तीर्थयात्रा केली. 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, तेव्हा नामदेव पंचविशीत होते. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या अभंगांच्या मालिकांत त्यांनी आपल्या या मित्राचं चरित्र गायलं. मराठीतल्या सुरुवातीच्या चरित्रांत त्याची गणना होते. ज्ञानेश्वरांबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे असं वाटतं, त्यातलं बरंचसं या गाण्यांतून आलं आहे.

मग नामदेव उत्तरेकडे गेले. परंपरा सांगते की आयुष्यातली जवळपास 20 वर्षं त्यांनी पंजाबात काढली आणि घुमान हे त्यांचं ठिकाण झालं. तिथे ते मराठीत गात बसले नाहीत. तिकडच्या लोकांना कळेल अशा जुन्या हिंदीवळणाच्या भाषेत त्यांनी पदं केली. त्यात अधूनमधून मराठी रूपं डोकावतात आणि विठ्ठल तिथे ‘बीठल’ होऊन येतो.

मधल्या काळात ते महाराष्ट्रात परतल्याच्या कथाही आहेत. त्यातली एक विसरता येत नाही. 1338 च्या सुमारास मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखामेळा गेले. परंपरेनुसार नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी आणल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला देवळात घेतलं नाही, त्याची जागा निदान दारात तरी पक्की झाली.

देऊळ फिरलं, आणि दोन्हीकडे फिरलं

औंढा नागनाथला गेलात तर नंदी नेहमीच्या जागी, समोर दिसत नाही. तो देवळाच्या मागच्या बाजूला आहे. स्थानिक कथा अशी : नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागे हाकललं. ते मागे जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, नंदी मात्र होता तिथेच राहिला.

हीच गोष्ट पंजाबातही आहे, आणि तिथे ती खुद्द नामदेवांच्या पदांत आली आहे. जात काढून देवळातून उठवलेला गायक मागे जाऊन बसतो आणि देऊळ वळतं. औंढ्याचं नाव तिथे नाही. पण अपमान तोच आहे. नामदेवांच्या आयुष्यात हे किती खोल गेलं असेल, याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधणं अवघड आहे.

1604 मध्ये गुरू अर्जुनदेवांनी शिखांच्या ग्रंथाचं संकलन केलं. गुरू ग्रंथसाहिबमध्ये नामदेवांची 61 पदं आहेत आणि ती 18 रागांखाली लावली आहेत. भैरव, मल्हार, तोडी, आसा, धनासरी अशी ती नावं. म्हणजे जपला गेला तो नुसता मजकूर नाही, तो कसा गायचा हेही सोबत आलं. गुरू नानकांचे साथीदार भाई मर्दाना रबाब वाजवत. शबद-कीर्तनाची तीच परंपरा, आणि अमृतसरच्या हरमंदिर साहिबात आजही रोज कीर्तन चालतं. कबीर आणि रविदास यांनीही आपल्या पदांत नामदेवांचं नाव आदरानं घेतलं आहे.

मग खरे नामदेव कोणते?

गाण्याच्या जोरावर टिकलेल्या माणसाला याचीच किंमत मोजावी लागते. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा पण केला आणि घरातले सगळे रचायला बसले, अशी आख्यायिका आहे. आकडा शब्दशः घेतला तर 80 वर्षं रोज 34 हजारांहून जास्त अभंग करावे लागतील. अर्थातच हा हिशेब करण्यासाठी तो आकडा सांगितलेला नाही. 1970 मध्ये सातशेव्या जयंतीच्या निमित्तानं महाराष्ट्र सरकारनं नामदेवांची गाथा प्रसिद्ध केली. गाथेत दोन हजारांहून जास्त अभंग मिळतात आणि ते सगळे एकाच माणसाचे आहेत असं अभ्यासक मानत नाहीत. 16 व्या शतकातले विष्णुदास नामा हे त्यातलं ठळक नाव. ‘नामा’ ही मुद्रा नंतरच्या कवींनीही वापरली आणि गाणी एकमेकांत मिसळली.

अमेरिकन अभ्यासक क्रिश्चन नोवेत्झकी यांनी 2008 मधल्या आपल्या पुस्तकात या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूनं पाहिलं. कीर्तनकारांच्या ‘बाडां’चा, म्हणजे कीर्तनासाठी ठेवलेल्या वह्यांचा, त्यांनी अभ्यास केला. या परंपरेत लिहिणं हे गाण्याच्या मदतीला असतं, गाण्याच्या जागी येत नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख. ते पटलं तर मूळ नामदेव कोणते हा प्रश्न सुटत नाही, पण गाथेतली सरमिसळ म्हणजे नुसता गोंधळ आहे, असंही मग म्हणता येत नाही. ज्यांनी गायलं त्यांनी भर घातली.

शेवटाबद्दलही दोन परंपरा आहेत. पंजाबात मानतात की नामदेवांनी घुमानलाच देह ठेवला. महाराष्ट्रात शके 1272, म्हणजे 1350 मधली आषाढ वद्य त्रयोदशी सांगितली जाते. ठिकाण पंढरपूर, विठ्ठल मंदिराचं महाद्वार. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायाची धूळ लागावी म्हणून त्यांनी पायरी मागितली, असं सांगतात. आज वारकरी त्या नामदेव पायरीला हात लावतो, पण तिच्यावर पाय ठेवत नाही. समोरच चोखोबांची समाधी आहे.

एप्रिल 2015 मध्ये 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, अध्यक्ष होते सदानंद मोरे. महाराष्ट्रातून लोक हजारो किलोमीटरचा प्रवास करून गेले. तिथल्या गावकऱ्यांसाठी मात्र नामदेव पाहुणे नव्हते. ते त्यांचे भगत नामदेव होते, आणि त्यांची पदं त्यांना पाठ होती. दरवर्षी आषाढीला नरसीहूनही नामदेवांची पालखी पंढरपूरला निघते. हिंगोली जिल्ह्यातल्या गावांमधून टाळ-मृदंगाचा आवाज पुढे सरकतो आणि दिंडीतली लहान मुलं कुणी न शिकवता धृपद धरतात.